सहलीला गेलेले नवरे

खडकवस्ती, सोनईजवळ
दि. १९ ऑगस्ट २०२५

प्रिय वृषाली,

जय भीम. तू हसून रामराम म्हणशील, चालेल. तुझा मोबाईल तुझे मालक तुषारभाऊजी उचलतात, म्हणून भागिरथीकाकूंच्या हाती ही चिठ्ठी. वाचून चुलीत घाल.

इकडे बरं आहे. कपाशी फुलावर आलीये. आमचे हे नगरहून रविवारी येऊन गेले. म्हणाले, "सरपंचपद गेलं तर गेलं, झोप तरी लागंल तुला." लागत नाही बाई.

मी असा काय गुन्हा केला होता? पद बाईसाठी राखीव, तर मासिक सभेला सदस्यबायांनी यावं आणि नवऱ्यांनी बाहेर थांबावं, एवढंच म्हटलं. लगेच अविश्वास ठराव! सदस्य फुटू नयेत म्हणून त्यांना सहलीला नेतात ना? आपल्या गावाने सदस्यबायांचे नवरे नेले. मत आपलं, महाबळेश्वर त्यांचं!

पण ते दिवस किती सुखाचे गेले गं. काकूंच्या ओट्यावर आपण चौघी सदस्यबाया चहा पीत बसायचो. तूच म्हणालीस, "जयाताई, माजा हात कोन वर करतंय तेच बगते." लई हसलो होतो.

मतदानाच्या आदल्या दिवशी सगळे परतले. सभेत तू मान खाली घालून बसलीस. ठरावाला एकच हात कमी पडत होता. तहसीलदारसाहेबांनी पुन्हा विचारलं. खिडकीबाहेर तुषारभाऊजी खाकरले.

गावात बोलतात, वृषालीने केसाने गळा कापला. बोलू देत. त्यांना तुझा वर झालेला हात दिसला. मला सरकलेल्या बाहीखालचे काळेनिळे वळ दिसले. तू माझ्याकडे बघितलंस, तेव्हा म्हणूनच मान हलवली मी. कर म्हटलं, कर वर.

आता तुलाच सरपंच करणार म्हणे. चौकात फ्लेक्स लागलाय, त्यावर तुषारभाऊजी एकटेच हसताहेत. खुर्ची गेल्याचं मला दुःख आहे, खोटं का बोलू? तिथे बसायला आवडायला लागलं होतं. पण तुला मारून माझी खुर्ची घेतली, याने काळीज तुटतं.

म्हणतील तिथे सही कर, जीव सांभाळ. पुन्हा अंगावर हात टाकला तर नेसत्या साडीनिशी इकडे निघून ये. सासूबाईंना सांगून ठेवलंय, त्या काही विचारणार नाहीत.

तुझ्याच मताने पडलेली, तरी तुझीच,
जयाताई