वालाच्या मुळांवरच्या गाठी

आई, आज चेण्याला, आपल्या शेतावर गेले होते. वालाला फुलं आलीत, पण पानं पिवळी पडलीत. तू करायचीस तसंच बांधाकडचं एक रोप ढेकळासकट खणून काढलं, मुळं बादलीत हलकेच धुतली. गाठी मोजक्याच, त्याही बारीक. नखाने एक फोडली. आत गुलाबी नव्हतं.

गुलाबी असलं म्हणजे गाठ जिवंत, हे मी शाळेत जायच्या आधी तुझ्याकडे शिकले. तू गुळाचं पाणी उकळायचीस आणि मला पातेल्यापाशी राखणीला बसवायचीस. मी घाई केली की म्हणायचीस, "चहा करतोय का आपण? त्यात जीव सोडायचेत. गालाला लावून बघ, गार लागतंय का." मग त्यात जिवाणूंची काळी पूड कालवायची. एक मुळांवर गाठी करणारी, दुसरी मातीत अडकलेलं स्फुरद सोडवणारी. ते वालाला हलक्या हाताने चोळून बी गोणपाटावर सावलीत सुकवायचं. सुपर फॉस्फेट मात्र पडवीच्या दुसऱ्या टोकाला. पेरताना ते आधी सरीत, वर माती, मग बी. एकदा खताच्या हातांनी मी बियाला शिवले, तर तू मला हात धुवायला पाठवलंस आणि परत आल्यावर बोटांचा वास घेऊन बघितलास. तेव्हा राग आला होता. आता गोडदेवला मी राहते त्या घरातला गॅस बंद केलाय ना, हे बघायला मी अर्ध्या जिन्यातून परत फिरते, तेव्हा तुझं ते वास घेणं आठवतं.

तू गेल्यापासून शेत काकाच बघतात. पलीकडच्या लग्नाच्या हॉलवाल्याला गाड्या लावायला ती जागा हवीय. यंदा शेंगा भरल्या तर त्याला नाही म्हणून सांगेन, असं काका म्हणाले होते. म्हणून सगळं तुझ्यासारखं केलं. पेरणीच्या दिवशी ऑफिसचा फोन आला, तेवढी आंब्याखाली जाऊन बोलत उभी राहिले. परत येतेय तर काकांनी खत आणि बी एकाच घमेल्यात कालवलंय आणि ते शेवटच्या सरीत आहेत.

"काका, हे काय केलंत!"

"दोनदोनदा कोन वाकंल गो? कंबर हाय ही, जेसीबी न्हाय."

"अहो, खत लागून मरतात ते जिवाणू."

"मंग मरतील कशाला? मी तं त्यांना खायला घातलाय."

मला हसू आलं.

आज त्यांना मुळं दाखवली. जमिनीचा दोष नाही, पुढच्या वर्षी नीट करू, म्हटलं. काकांनी मूळ उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. "तुझी आय असती तं मला बांधावर उभा केला असता," म्हणाले. मग मातीचे हात लेंग्याला पुसत, "हॉलवाला परत येऊन गेला. काय सांगू त्याला? तू बोल."

मी फोडलेली गाठ बोटांत चुरडत राहिले. काकांनी तोच होकार धरून मान हलवली आणि बादली ओतून दिली. तुझं राखेत घोळलेलं मूठभर बी माझ्या डब्यात उरलंय, ते पेरायला आता कुठली जागा?

हे तुला पाठवायचं कुठे, आणि काकांना वाचून दाखवायची हिंमत नाही. त्यांना वाटतंय, दुःखाने माझा शब्द फुटला नाही. दुःख झालंच, आई. पण त्यांनी विचारलं तेव्हा आधी हायसं वाटलं, की पुढच्या पेरणीला काही चुकेल म्हणून मला घाबरायला नको.