डोळ्याचा प्रत्यय

सुवेल, पानगळीची सुरुवात

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं बरं आहे, असं लिहायची सवय म्हणून लिहिलं. काल सरकारी माणूस कागद घेऊन आला. कागद राजभाषेत, म्हणजे झमारीत. त्यानंच वाचून अर्थ सांगितला, की उत्तरेच्या पुलाच्या कामावर आपला टालिन मेला. मी विचारलं, माझ्या मुलाला मरताना लिहिणाऱ्यानं पाहिलं, की नुसतं ऐकलं? तो म्हणाला, झमारीत असं काही नसतं, मेला म्हणजे मेला. मी त्याला ताक दिलं आणि वाटेला लावलं.

पण दादा, आपल्या सुवेलीत क्रियापद असं उघडंबोडकं कधी उभं राहतं का? 'सो' लावलं तर डोळ्यांनी पाहिलं, 'णू' लावलं तर कानांनी ऐकलं. कुणी 'मेलासो' म्हणेपर्यंत मला केस सोडता येत नाहीत, रडता येत नाही, त्याचं अंथरूण नदीला देता येत नाही. मी चुकून रडेन म्हणून ओवाली आत्या दारातच ठाण मांडून बसली आहे. तू भाषाखात्यातला एवढा मोठा दुभाष्या. त्या कागदाला कुठला प्रत्यय लागतो, तेवढं शोधून कळव.

तुझं पोट हल्ली मेजाला टेकतं असं ऐकलं. 'णू' लावूनच लिहिते आहे.

माया आहे तशी राहू दे.
मिरासे

झमूर, पानगळीचा मध्य

चि. मिरासेस,
अ. उ. आ.

पोटाच्या बातमीला खुशाल 'सो' लाव. मी रोज पाहतो.

कागद लिहिणाऱ्या कारकुनाला भेटलो. तो खुर्चीतून उठलेला नाही. त्याला वरून कळलं, वरच्याला आणखी वरून. झमारी वाळूकुळातली भाषा, आपल्या नदीकुळाशी तिचं सोयरसुतक नाही. तिच्यात 'राजा दयाळू आहे' असं बेधडक म्हणता येतं, आणि ते पाहिलं कुणी, हे विचारायची व्याकरणात सोयच नाही. राज्य चालवायला याहून सोयीची भाषा मिळायची नाही. तेव्हा त्या कागदाला मी कुठलाच प्रत्यय लावू शकत नाही. आशा धर म्हणत नाही. सोड म्हणायलाही माझ्या हातात काही नाही.

एक मात्र केलं. बोर्का नावाचा एक कोर्वी गडी त्याच पुलावर कामाला होता. तो तुमच्या खिंडीतून घरी जाणार आहे. त्याला तुझ्याकडे उतरायला सांगितलं आहे. टालिनचं नाव काढल्यावर तो एवढंच म्हणाला, आईलाच सांगेन. कोर्वी ही सुवेलीची सख्खी बहीण, सावकाश बोलला तर तुला कळेल.

आमच्या गुरुजींचा एक नियम पोरांना फार आवडायचा: स्वतःच्या करणीला 'णू' लावायचा हक्क फक्त दारुड्याला. 'काल मी चौकात नाचलोणू.' बोर्का पिऊन आला तर एवढं ध्यानात ठेव.

लोभ वाढव असं म्हणत नाही, आहे तेवढा मला झेपतो.
हेरोव

सुवेल, पहिलं दहिवर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बोर्का येऊन गेला. प्यालेला नव्हता. आणि दादा, सगळं 'णू'! पूल खचलाणू, टालिन पाण्यात पडलाणू, वर आला नाहीणू. एकही 'सो' नाही. म्हणजे त्यानंही कुठून तरी ऐकलेलंच सांगितलं. मी पुन्हा पुन्हा विचारलं, दर वेळी 'णू'च. मला हसू आवरेना. मी त्याच्या पानात आणखी वाढलं. तो जेवेना, माझ्या तोंडाकडे बघत ढसाढसा रडायला लागला. कोर्वी माणसं फारच हळवी बाई, ऐकीव गोष्टीला एवढं रडतात.

आत्याला म्हटलं, आता ऊठ दारातून. टालिनचं अंथरूण उन्हात घातलंय. पुलाच्या खाली नदी पसरते तिथे कोळ्यांची वस्ती आहे. कुणीतरी काढला असेल बाहेर. शेजारचा रुगान चौकशीला निघालाय. टालिन आला की त्याला तुझ्याकडेच पाठवीन, बस त्याला प्रत्यय शिकवत. तुझ्या व्याकरणानंच मला तो परत दिला.

आज तुझ्यावर जास्तच माया आहे, जपून वापर.
मिरासे

झमूर, दहिवर

चि. मिरासेस,
अ. उ. आ.

हे पत्र आत्याला जवळ बसवून वाच.

भाषांची कुळं माणसांच्या घरांसारखीच असतात. एका आईच्या दोन मुली. सुवेली नदीकाठी राहिली, कोर्वी डोंगरात गेली, आणि आईचे दागिने वाटून घेताना अदलाबदल झाली. आपण कानाला लावतो तो प्रत्यय ते डोळ्याला लावतात. कोर्वीत 'णू' म्हणजे पाहिलं.

बोर्कानं तुला दर वेळी तेच सांगितलं. तो तिथे होताणू.

रुगानला परत बोलव.
हेरोव

सुवेल, गोठवणारी थंडी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कळलं. दारुड्याच्या विनोदाच्या जागी हे लिहिलं असतंस तर त्या माणसासमोर मी हसले नसते. रागावले नाही. राग यायला आधी रडून व्हावं लागतं, आणि तेच अडलंय.

तुझं पत्र आत्याला आणि गावातल्या जाणत्यांना वाचून दाखवलं. ते म्हणतात, कोर्वीत काहीही असो, सुवेलीत कुणी म्हटलंय? तुझ्या पत्रातही 'तो तिथे होताणू'. तुझंही ऐकीवच. बोर्का डोंगरापलीकडे गेला, खिंड बर्फानं बुजली, आणि तो परत या वाटेला येईल असं वाटत नाही. आत्या मनानं वाईट नाही. पण जिवंत माणसासाठी केस सोडले तर तो मरतो, असं तिला खरंच वाटतं.

म्हणून मी रोज त्याचं पान मांडते आणि समोर बसून जेवते. येणार नाही हे ठाऊक असलेल्या माणसाची वाट बघणं मला आता जमत नाही.

तू जन्मात एक प्रत्यय चुकला नाहीस. दादा, एकच क्रियापद खोटं लिही.

एवढी माया कर.
मिरासे

झमूर, गोठवणारी थंडी

चि. मिरासेस,
अ. उ. आ.

पुढची ओळ चारचौघांत मोठ्यानं वाच.

टालिन गेलासो.

कुणी विचारलं तर सांग, मामा पुलावर होता. खोटं लिहिणार नाही अशी शपथ खात्यानं माझ्याकडून घेतली होती, पण ती झमारीत. तिला कुठलाच प्रत्यय नव्हता.

लिहून झाल्यावर मात्र विपरीत घडलं. तो पूल मी कधी पाहिलेला नाही. पण 'सो' लावला आणि दिसायला लागलं. ओली फळी, त्याचा घसरलेला पाय, मग नुसतं पाणी. डोळे मिटले तरी जात नाही. व्याकरणात यावर उपाय नाही, शोधून पाहिला.

उत्तर लिहू नकोस. माया असेल, तिला पत्र लागत नाही.

केस सोड, मिरासे.
हेरोव