किकोतींची टोपी

छावणी, १४ जून १९८७

ती. बीबीस,
सा. न. वि. वि.

बीबी आजी, मी खुशाल आहे. तू पाठवलेले शेंगदाणे मिळाले. खोलीतल्या सगळ्याजणींना दिले, त्यामुळे मला फार उरले नाहीत, पण एकटीने खाल्ले असते तर घशाखाली उतरले नसते. पहाटे पळणं, मग कवायत, मग मक्याच्या शेतात काम. बंदूक सुटी करून पुन्हा जोडायला तुकडीत मी सर्वांआधी शिकले. हे गर्वाने लिहीत नाही, तुला कळावं म्हणून लिहिते.

आता काळजीचं. पुढच्या महिन्यात इथलं राष्ट्रसेवेचं शिक्षण संपेल. काहीजणांना छावणीतल्याच ट्रकदुरुस्तीच्या शाळेत घेतील, बाकीच्यांना घरी धाडतील. मला परत येऊन लोकांच्या तंबाखूच्या मळ्यात राबायचं नाही, हे तू जाणतेस. शिफारस करणार आमचे उस्ताद, अफांडे किकोती; इथे वरिष्ठांना अफांडे म्हणायचं असतं. आणि त्यांना मी डोळ्यांसमोर नको आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी माझी जमात विचारली. न्गोनी म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा खुलला, आणि तेव्हापासून छळ सुरू झाला. पळताना मागून ओरडायचे, की पळ बाई, तुझे पूर्वज दक्षिणेतून जे पळत सुटले ते दम लागला म्हणून तुमच्या त्या सोंगेयाला थांबले. एकदा माझा पट्टा लपवला आणि चारचौघांत विचारलं, की न्गोनींच्या कमरेला काही टिकत नाही का. मी ताठ उभी राहून होय अफांडे म्हणायची. शेवटी मी त्यांना जाऊन सांगितलं, की इतिहासाच्या पुस्तकात असं वाचल्याचं आठवत नाही, तरी आमच्या लोकांचं काही चुकलं असल्यास क्षमा असावी. तेव्हापासून ते माझ्याशी बोलतच नाहीत. बीबी, माझं काय चुकलं?

आजोबांना नमस्कार. लोभ आहेच, त्यात थोडा धीरही घालून पाठव.

तुझी,
ओतिलिया


लिहुकू, २५ जून

चि. ओतिलिया, म्हणजे माझी सवत, हिस
अ. उ. आशीर्वाद.

तू जन्मलीस त्या दिवशी आजोबांनी आपल्या रीतीप्रमाणे नातीला, म्हणजे तुला, थट्टेने बायको म्हटलं. सवतीला आशीर्वाद द्यावेत की शाप, हे माझं अजून ठरत नाही. पत्र नेहमीप्रमाणे गिरणीवाला डिस्मास लिहितो आहे. तुझं पत्र त्याने वाचून दाखवलं तेव्हा मी इतकी हसले, की मला फेफरं आलं असं समजून त्याने गिरणी बंद केली.

अगं, किकोती हे नाव हेहे जमातीचं. हेहे आपले मतानी, थट्टेचे सोयरे. त्यांच्या नि आपल्या पणजोबांनी एकमेकांना पुष्कळ भाले मारले. शेवटी दोघेही कंटाळले आणि ठरलं, की आता फक्त जिभेने मारायचं. मुलखापासून लांब सोयरी भेटली म्हणून बिचाऱ्याचा चेहरा खुलला, आणि तू त्याची क्षमा मागितलीस. मतानीला उत्तर न देणं म्हणजे सोयरीक तोडणं. मिशनच्या नन्सनी तुला एवढं शिकवलं, हे तेवढं राहिलं. दोष माझा नाही. मी तुला सुट्टीत शिकवणार होते, पण तू पुस्तकातून डोकं वर काढशील तेव्हा ना.

तर आता उशीर करू नकोस. त्याला शिव्या घाल. त्याची एखादी वस्तू पळव आणि दंड दिल्याशिवाय परत करू नकोस. हेहे लोक बांबूची दारू पितात, तिथून सुरुवात कर. नंतर त्याला असं म्हण, की

(डिस्मासकडून: यापुढचं मी लिहिलेलं नाही. पाद्रीबाबा दळण घ्यायला उभे होते.)

लोभ आहे, सवतीवर असावा तेवढाच.

बीबी


छावणी, १३ जुलै

ती. बीबीस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं, पण नियमाने. इथल्या नियमांत वरिष्ठांचा अपमान हा गुन्हा आहे आणि सोयऱ्यांना त्यातून सूट दिलेली नाही. म्हणून मी अफांडे किकोतींकडे अर्ज केला, की मी न्गोनी आहे, आपण हेहे आहात, सबब आपला अपमान करण्याची परवानगी मिळावी. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. मग दगडासारख्या चेहऱ्याने म्हणाले, की रविवारी, कामाच्या वेळेबाहेर, स्वयंपाकघरामागे; आणि अपमान दर्जेदार असावा.

रविवारी झाडून सगळे जमले. मी म्हणाले, की आपल्या पणजोबांच्या लढाईत हेहे हरले नाहीत हे मला मान्य आहे, कारण बांबूची दारू पिऊन झोपलेल्याला हरवणार कसं? आणि त्यांची टोपी काढून धूम ठोकली. ते मागे धावले. मी धावता धावता ओरडले, की न्गोनींना पळता येतं हे आपणच शिकवलंत. शेवटी ते घेवड्याच्या पोत्यावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

मग त्यांनी विचारलं, दंड काय. बीबी, ट्रकदुरुस्तीची शाळा अगदी माझ्या ओठांवर आली होती. पण टोपीच्या बदल्यात जागा घेणं म्हणजे लाचच. मी कोंबडा मागितला.

ते म्हणाले, की माझे हात चांगले आहेत हे त्यांनी केव्हाच हेरलं होतं, शिफारस अडली होती ती जिभेपायी. होय अफांडेपलीकडे जिला शब्द सुचत नाही, ती मेजरसाहेबांना कसं सांगणार, की ही गाडी आज रस्त्यावर जाणार नाही? तेवढं बोलून ते टोपी न घेताच कचेरीत गेले, आणि बोडक्या डोक्याने हिंडल्याबद्दल त्यांना तिथे बोलणी बसली.

शाळेच्या यादीत माझं नाव लागलं, बीबी. टोपी मी धुऊन परत केली. धुवायला नको होती का?

लोभ असू दे, आणि मधूनमधून रागावतही जा.

ओतिलिया


छावणी, ६ डिसेंबर

ती. बीबीस,
सा. न. वि. वि.

आज घाईत लिहिते, नखांत ग्रीस आहे, डाग पडले तर माफ कर. काल अफांडे किकोती रजेवर निघाले होते. त्यांच्या मुलखाकडे, इरिंग्याच्या घाटाने जाणारा ट्रक तपासायचं काम शाळेने माझ्याकडे दिलं होतं. मागच्या चाकापाशी ब्रेकची नळी पाझरत होती. मी म्हणाले, गाडी जाणार नाही. ते ट्रकमध्ये बसूनच हसले. न्गोनी बाई स्वतः पळते, पण दुसऱ्या कोणाला जाऊ देत नाही, असं काहीतरी म्हणाले आणि ड्रायव्हरला गाडी चालू करायला सांगितलं. सगळे हसले. मी चावी काढून घेतली आणि सांगितलं, की अफांडे, ही थट्टा नाही.

ते खाली उतरले, चाकाखाली वाकून पाहिलं, ओलं बोट माझ्यासमोर धरलं आणि या खेपेला होय फुंडी म्हणाले. इथे कारागिराला फुंडी म्हणतात ते तुला ठाऊकच आहे, पण मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्यांची रजा एक दिवसाने कमी झाली. मी फार कठोर बोलले का?

कोंबडा ते स्वतः घेऊन आपल्याकडे सोंगेयाला येणार म्हणतात.

ओतिलिया


लिहुकू, १९ डिसेंबर

चि. सवतीस,
अ. उ. आशीर्वाद.

हेहेकडून बैल मागायचा असतो, कोंबडा नाही. असो, शिकशील.

किकोतीला माझा निरोप सांग. मी मेले की मतानींच्या रीतीप्रमाणे त्याने यावं, माझा कांगा नेसावा, माझ्यासारखं लंगडत अंगणात चालून दाखवावं आणि रडणाऱ्यांना हसवावं. या बाजूला एकही हेहे राहत नाही, म्हणून मी इतकी वर्षं मरण पुढे ढकलत होते. आता सोय झाली.

पण तो निघेल त्या दिवशी गाडीचे ब्रेक तूच तपास, आणि सावकाश तपास. मला घाई नाही.

बीबी
(डिस्मासकडून: म्हातारी ठणठणीत आहे. नुकतीच माझी टोपी घेऊन गेली. मी तर हेहेही नाही.)