कठड्याशी ठेवलेलं स्टूल

ताई,

सकाळी तू बसमधून उतरलीस आणि मी तुला इतर प्रवाशांसारखं ‘मॅडम’ म्हणालो. तूही भावजींच्या शेजारी उभी राहून विचारलंस, “गाईड, उत्सवाची मिरवणूक नीट कुठून दिसेल?”

मी म्हणालो, “चौकातून.” ते खोटं होतं. दरवर्षी मी प्रवाशांना आपल्या गॅलरीत बसवतो. पण तुझ्या लग्नापासून बाबांनी घरात तुझा विषयच बंद केला आहे.

दुपारी घरी सांगितलं, “यंदा आपल्याकडे कुणी येणार नाही.” आईने खुर्च्या पुसायचं थांबवलं. बाबा मात्र माळ्यावर चढले आणि तुझं लहानपणचं स्टूल काढून कठड्याशी ठेवलं. त्यावर उभी राहूनच तुला मिरवणूक दिसायची.

“हे कशाला?” मी विचारलं.

“प्रवाशांत एखादी बुटकी असली तर,” बाबा म्हणाले. “सकाळची बस मीही पाहिली.”

ढोल जवळ येत आहेत. ही चिठ्ठी माझ्या खिशातच राहील. चौकात मी झेंडी वर धरून सगळ्यांना आपल्या गल्लीत वळवणार आहे. तू मागे थांबू नकोस. वळून बघायचा मला धीर होणार नाही.

तुझा धाकटा