मागच्या बाकावरची बाई

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
दि. १२ जानेवारी २०२५

संस्कृतीच्या पप्पांना सप्रेम जयभीम, वि. वि.

दोन महिने झाले, तुमचं पत्र नाय. तिकडच्या फोनवरूनही तुम्ही एकदा लावला नाय. कारागृहात पत्रं वाचून मगच पुढं सोडतात, म्हणून उशीर होतो, अशी मी संस्कृतीची समजूत घालते. माझी कोण घालणार? पोरगी बरी आहे. पाढ्यांत सतराला अडते, तुमच्यासारखीच.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबरच्या तारखेला वकीलसाहेबांच्या कारकुनानं फोन करून सांगितलं की, आरोप निश्चित झाले. एवढं बोलून ठेवून दिला. मला वाटलं, गुन्हा शाबीत झाला. कंपनीच्या गेटवर दगडफेक झाली तेव्हा तुम्ही त्या जखमी सुपरवायझरला उचलून रिक्षात घालत होता, हे साऱ्या कॉलनीला ठाऊक. मग कोर्टाला कसं दिसलं नाय? दोन दिवस घरात गॅस पेटला नाय. संस्कृती शेजारच्या तनुजाकडं जेवली.

ह्या तनुजानंच मला मोबाईलवर एक लेख दाखवला. मोनिकाताई म्हणून एक बाई आहेत. वकिली शिकल्या, पण कोट घालत नाहीत. रोज कोर्टात मागच्या बाकावर बसतात आणि कामगारांच्या, बायाबापड्यांच्या खटल्यांत काय झालं ते साध्या मराठीत ब्लॉगवर लिहितात. आपल्याही तारखेचं लिहिलं होतं. आरोप निश्चित होणं म्हणजे शिक्षा नव्हे. खटला कशाकशावर चालणार एवढंच ठरलं, साक्षी अजून व्हायच्यात. ते वाचलं आणि उभ्याउभ्याच तनुजाकडची भाकरी खाल्ली.

लेख छापून सोबत पाठवते. त्या बाईंना मी महिन्याला शंभर रुपये द्यायला लागले आहे, हेही आत्ताच सांगून टाकते. काय रागवायचं ते पत्रातून रागवा, पण पत्र लिहा.

आठवण ठेवावी, ही विनंती.
तुमची
सुलेखा


कारागृह, अमरावती
दि. २७ जानेवारी २०२५

प्रिय सुलेखा हिस जयभीम, वि. वि.

मी गप्प का होतो ते ऐक. त्या तारखेला मला स्क्रीनवर हजर केलं होतं. आवाज फुटत होता. जजसाहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. मी नाही म्हणालो, चांगलं मोठ्यानं म्हणालो. तरी आरोप निश्चित. मला वाटलं, माझं नाही तिकडं पोचलंच नाय. सगळं संपलं असं धरून चाललो. तुला लिहिणार होतो की पोरीला घेऊन फुलंब्रीला आईकडं जा, माझी वाट बघू नको. कागदावर तुझं नाव लिहायचो, पुढं हात चालायचा नाय, मग फाडायचो. असे लई कागद गेले.

तू पाठवलेला लेख आला आणि मी तो बराकीत मोठ्यानं वाचला. दौलताबादचे कचरूमामा इथं तीन वर्षांपासून आहेत, वयानं साठीच्या पुढं. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. म्हणाले, मलाही असंच सांगितलं होतं, मी तर घरच्यांना येऊ नका म्हणून कळवून टाकलं. त्यांच्या मुलाला मी त्याच दिवशी पत्र लिहून दिलं.

पण शंभर रुपयांचं मला पटलं नाय. शिलाईच्या कारखान्यातून तू पायी घरी येतेस, मला माहीत आहे. वकिलाचे द्यायचेत, शाळेचे द्यायचेत. शिवाय लेख फुकट वाचता येतो, असं त्यातच खाली लिहिलंय. मग द्यायचे कशाला? बंद कर.

पोरीला सांग, सतराच्या पाढ्याला मी इथं परत लागलोय. तब्येतीला जप.
तुझा
अतुल


मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
दि. ९ मार्च २०२५

संस्कृतीच्या पप्पांना सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र मिळालं. उशाशी ठेवलंय. फुलंब्रीचं मात्र पुन्हा मनातही आणू नका.

उत्तर तारखेपर्यंत थांबवलं होतं. मी अर्धा दिवस खाडा करून कोर्टात गेले, मोनिकाताईंच्या शेजारी बसले. तुमचा प्रश्न मी त्यांना जसाच्या तसा विचारला. त्या हसल्या. म्हणाल्या, ज्याला जमत नाही त्यालाही वाचता यावं म्हणूनच ज्याला जमतं त्यानं द्यायचं. देणारे साठ-सत्तर जण आहेत, त्यात खोलीभाडंही पुरतं निघत नाय. पुण्याच्या एका ऑफिसातून नोकरीचं बोलावणं आलंय, महिनाअखेर सांगायचंय. मला दर तारखेला खाडा परवडत नाय, वकीलसाहेबांच्या हातात तशा चार फायली असतात. ती बाई गेली तर तुमचं काय चाललंय ते मला कोण सांगणार? म्हणून शंभर बंद करणार नाय. घरी आल्यावर भांडा.

जामीन ह्या वेळी नाकारला. मोनिकाताईंनी कारण लिहिलंय: दोन मुख्य साक्षीदार त्याच कंपनीतले आहेत, त्यांच्या साक्षी झाल्या की पुन्हा अर्ज करता येतो. पहिली साक्ष पुढच्याच तारखेला आहे.

तुम्ही स्क्रीनवर छान दिसलात. केस फार बारीक कापलेत. बाकी सगळं ठीक. लेख सोबत आहे.

जीव लावलाय तो तसाच राहू द्यावा.
तुमची
सुलेखा


कारागृह, अमरावती
दि. २३ मार्च २०२५

प्रिय सुलेखा हिस जयभीम, वि. वि.

तू बाकी सगळं ठीक एवढंच लिहिलंस. मोनिकाताईंनी पुढचं लिहिलंय. आरोपीचा चेहरा स्क्रीनवर आला तशी त्याची बायको उभी राहिली. शिपायानं खाली बसायची खूण केली, ती बसली नाही. स्क्रीन बंद होईपर्यंत ती उभी होती. आरोपीला मात्र ती दिसत नव्हती, कारण कॅमेऱ्याचं तोंड न्यायाधीशांकडं होतं.

व्हय, नव्हतीस दिसत. मला साहेबांचं टेबल आणि कुणाचं तरी कोपर, एवढंच दिसलं. मी त्या कोपराकडंच बघत होतो, तुझं असेल म्हणून. इतक्या लांब भेटीला येणं तुला परवडत नाय, चौदा महिन्यांत तुला बघितलं नाय. त्या चार ओळींत बघितलं. मोठ्यानं वाचायला मी बराकीतल्या एका पोराला दिल्या, मला वाचवेनात.

मला दर महिन्याला मनीऑर्डर करतेस, त्यातले पन्नास कमी कर आणि त्यांच्या शंभरात घाल. कचरूमामांचा मुलगा भेटीला येऊन गेला, तोही पाठवणार आहे. बराकीतल्या अजून पाच जणांनी घरी लिहिलंय. एवढ्यानं त्या पुण्याला न जाता थांबतील का, माहीत नाय. थांबल्या तर त्यांना माझा जयभीम सांग.

पुढच्या तारखेला खाडा करू नको, पगार जातो, असं मी लिहायला हवं. लिहीत नाय. ये. कोणत्या बाजूला उभी राहणार ते आधी कळव, म्हणजे मी तिकडं तोंड करून बसेन.
तुझाच
अतुल