तिसरी फळी

शनिवार, १८ जानेवारी १९९७. ॲरिझोना.

वर्षभर मोटरहोममधून फिरायला मी 'हो' म्हटलं, असं काल लिहिलं. ते चूक आहे. मी फक्त मान हलवली. काकांनी तोच होकार धरला.

मोटरहोमवाल्यांच्या या क्लबात प्रत्येक गाडीच्या दाराशी घरच्यांच्या नावांच्या लाकडी फळ्या टांगतात, एकीखाली एक. आज काकांनी मला डोळे मिटायला लावले आणि माझ्या नावाची तिसरी फळी साखळीला अडकवली. शेजारच्या गोऱ्या आजी टाळ्या वाजवत म्हणाल्या, "सो यू आर द ड्रायव्हर!"

काकू हसून माझ्याकडे वळल्या. "ड्रायव्हर कसली, लेक आहे आमची! यांना अंधारात नीट दिसत नाही गं. तू आहेस म्हणून तर निघालो."

आणि तिकडे पार पूर्वेला, हर्नडन गावात मिळालेली नोकरी? तीन फेब्रुवारीला हजर व्हायचंय, हे मी दोघांना सांगितलं होतं. विसरले? की मीच फार हळू सांगितलं?

चहूकडे वाळवंट, आणि बाहेर पडायला हीच गाडी. वाऱ्याने फळी दारावर आपटतेय. अक्षरं काकांनी स्वतः कोरलीत, किती सुबक.

शाळेत जाण्याआधी बाबांनी घरीच शिकवलं: खोटं बोलू नये, मोठ्यांना दुखवू नये. दोन्ही एकदम कसं जमवायचं, ते शिकवायचं राहिलं.

पुन्हा आपटली.

सोमवारी सगळ्या गाड्या पुढे निघणार. त्याआधीच मला निघायला हवं. फिनिक्सच्या विमानतळापर्यंत हवं तर मीच चालवेन; दिवसा निघालो तर परत येताना काकांना उजेड मिळेल. फळी काढून त्यांच्या हातात द्यायची आणि मी येत नाही हे तोंडाने सांगायचं, मान हलवून नाही. उद्या, रविवारी, १९ तारखेला, सकाळच्या चहाला.