देवरूखहून न आलेला एक्स-रे

आई, तू गेलीस तेव्हा मी नोकरी शोधत होते, त्यामुळे मी काय काम करते हे तुला सांगायचं राहूनच गेलं. रत्नागिरीतल्या एका खाजगी हॉस्पिटलचं नेटवर्क मी सांभाळते. आमची देवरूखला एक लहान शाखा आहे. तिथे काढलेला एक्स-रे इथल्या डॉक्टरांना दिसायचा, तर आधी त्याचे शेकडो तुकडे होतात, प्रत्येक तुकडा वेगळ्या पाकिटात निघतो आणि इथे पोचल्यावर सगळे पुन्हा जोडले जातात. कुठलं पाकीट कुठल्या वाटेने जाईल हे पूर्वी वाटेतलं प्रत्येक यंत्र आपापलं ठरवायचं. आता एकच सॉफ्टवेअर ठरवतं आणि ते माझ्या टेबलावरून चालतं. एखादं पाकीट पुढे ढकलता आलं नाही, तर स्क्रीनवर पिवळी ओळ उमटते.

बाहेरगावचे फोन जोडायचा तुझा तो ट्रंक बोर्ड हल्ली वरचेवर आठवतो. शाळा सुटली की मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये येऊन बसायचे. एक दुपार तर अजून समोर दिसते. मी तुझ्या मागच्या बाकावर आंबोशी चघळत बसलेय. तुझ्या कानाला हेडफोन. बोर्डावर एक दिवा मिणमिणतो, विझतो, पुन्हा मिणमिणतो.

"आई, तो उगाच लुकलुकतोय," मी म्हणते.

"उगाच म्हणू नको गो. कळत नाही म्हण," तू मागे न बघता म्हणतेस आणि पिन लावतेस.

मुंबईहून एक खलाशी बोलत होता. गावात त्याच्या बायकोला अर्धेच शब्द ऐकू येत होते. मग तूच मध्ये बोलायला लागलीस. "बोट लागली म्हणतायत. सुखरूप आहेत." आणि त्याला, "त्या विचारतायत, जेवलात का?" शेवटचं तू असं विचारलंस, जणू तूच त्याची बायको, की मी चघळायची थांबले. संध्याकाळी तू विळीवर तिसऱ्यांचे शिंपले फोडत होतीस, तेव्हा मी विचारलं, ऐकू न आलेले शब्द जातात कुठे? तू म्हणालीस, "ठाऊक नाही. उद्या विचारते." आणि खरंच विचारून आलीस. वर सड्याच्या माळावर, खांबापाशी तारेच्या जोडात पाणी शिरलं होतं.

गेल्या महिन्यात देवरूखहून आमच्या टेक्निशियनचा फोन आला. "मॅडम, पेशंटचं नाव तिकडे जातंय, रक्ताचा रिपोर्ट जातोय. एक्स-रे तेवढा जात नाही." पेशंट म्हणजे परसात घसरून पडलेल्या एक आजी. खुबा मोडलाय की नाही, हे इथल्या डॉक्टरांनी बघून सांगायचं होतं. बराच वेळ वाट पाहून शेवटी आजींनाच गाडीत घातलं. दीड तास, आणि रस्ता कसा आहे तो तुला माहीत आहे. हाड शाबूत निघालं. त्यांना हलवायची काही गरज नव्हती.

गाडी वाटेत होती तेव्हा मी शोधत होते. देवरूखकडे आधी लहान पाकीट पाठवलं, लगेच उत्तर आलं. थोडं मोठं पाठवलं, आलं. आणखी थोडं वाढवलं आणि पलीकडून काहीच नाही. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मजा वाटायला लागली. लहान जातं, मोठं जात नाही, असं का? नावं लहान, म्हणून जात होती. चित्राची पाकिटं काठोकाठ भरलेली. त्यात आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक पाकिटाला वरून आणखी एक वेष्टण घालतं. मधल्या लाईनवर टेलिफोन कंपनीने नवीन यंत्र बसवलं होतं आणि त्याचं तोंड जुन्यापेक्षा किंचित लहान होतं. वेष्टण घातलेलं पाकीट त्यात मावतच नव्हतं. मी दोन्हीकडची पाकिटं थोडी लहान केली. काही मिनिटांत आजींचा खुबा माझ्यासमोर उमटला, पांढराशुभ्र. आजी तोवर आमच्या दारात उतरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात त्यांना भेटायला गेले. त्या म्हणाल्या, "फोटो काढला होता की तिकडे. मग मला कशाला आणलं, बाय?"

"लाईन खराब होती, आजी," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि माझ्या हातावर हात ठेवला.

तुला विचारायचं होतं, दिवसाला शंभर दिवे लुकलुकायचे तेव्हा तू प्रत्येकाकडे कशी बघायचीस? कंटाळा यायचा नाही? की येत होता आणि तरी पिन लावत होतीस?

कारण त्या पिवळ्या ओळी तीन आठवडे येत होत्या. मोठी पाकिटं क्वचितच असायची; बाकी सगळं तर चाललंय, असं म्हणून कोणीतरी एक बटण दाबून त्या दिसेनाशा केल्या होत्या. अहवालात मी लिहिलं, "इशाऱ्यांकडे दुर्लक्ष झाले." कोणाचं, ते लिहिलं नाही आणि साहेबांनी विचारलंही नाही. हा कागद कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते. ते बटण मी दाबलं होतं, आई.